हवेला वाट देणाऱ्या वाघमोडे मॅडम

वाघमोडे मॅडम कुठल्याही खोलीत शिरल्या की आधी माणसांकडे बघत नसत, खिडक्यांकडे बघत. खिडकी उघडी दिसली की चेहरा खुलायचा आणि मग सगळ्यांना हसून नमस्कार. बंद दिसली की नमस्कार राहिला बाजूला, बाई तरातरा जाऊन कडी ओढायला लागायच्या. कडी गंजलेली असली तर पर्समधून पेचकस निघायचा. बायकांच्या पर्समध्ये काय काय असतं यावर पुष्कळ विनोद ऐकले आहेत, पण हातभर लांबीचा पेचकस मी त्या एकाच पर्समध्ये पाहिला.

आमच्या ऑफिसातल्या एकाच्या बहिणीचं लग्न होतं, गारखेड्यातल्या एका मंगल कार्यालयात. मे महिना, भर दुपारचा मुहूर्त, आणि वऱ्हाड असं खचाखच भरलेलं की अक्षता टाकायला हात वर काढणंही मुश्कील. मंगलाष्टकं सुरू झाली आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवरून मॅडम गायब! शोधतो तर वर, सज्जात. पदर खोचलेला, पाय प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, आणि छताजवळची ती रंगाने चिकटून बसलेली झडप पेचकसाने खरवडणं चाललेलं. खाली भटजींनी ‘सावधान’ म्हणायला आणि वर झडप धाडकन उघडायला एकच गाठ पडली. पारव्यांची जोडी फडफडत हॉलमध्ये उतरली, आणि अक्षतांबरोबर घरट्यातल्या काड्याही नवरा-नवरीच्या डोक्यावर पडल्या. मुलीचा मामा खवळून वर धावला. मॅडमनी त्याला तिथेच झडपेखाली उभं केलं.

“थांबा जरा. बोलू नका. मानेला काय लागायलंय?”

मामाच्या मानेला वारं लागत होतं. खालची तापलेली हवा वर निघाली होती आणि दारांतून नवी आत शिरत होती. मामा जो तिथे थांबला तो जेवणाची पंगत बसेपर्यंत खाली आलाच नाही. परतताना मी मॅडमना म्हटलं, “दुसऱ्याच्या लग्नात कशाला हो असले उद्योग?”

“अवो, नवरदेव घामानं निथळत होता. पोरीला वाटलं असतं, ह्येच्या गळ्यात माळ घालू का टॉवेल?”

आम्ही दोघे क्रांती चौकातल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नोकरीला होतो. मॅडम इमारतींचे नकाशे काढायच्या, मी त्या इमारतींना एसी बसवायचो. म्हणजे त्यांचं सगळं चांगलं झालं असतं तर माझ्या पोटावर पाय आला असता. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून माझं नाव त्यांनी ‘बर्फवाले’ ठेवलं होतं. सकाळी आल्या आल्या, “काय बर्फवाले, आज किती टनांचा घाट?” मी आकडा सांगितला की कपाळाला हात लावायच्या. “आधी काचेची भट्टी बांधायची, मग ती विझवायला वीज जाळायची. चुलीवर बसून पंखा घेणाऱ्याला आमच्यात येडा म्हणत्यात.”

त्यांचं बोलणं दोन प्रकारचं होतं. गिऱ्हाईक समोर बसलं की सुरुवातीला अगदी इस्त्री केलेली मराठी. पण विषय हवेवर आला की इस्त्री मोडायची, हात हलायला लागायचे, आणि थेट कन्नड तालुक्यातल्या घाटाकडची बोली सुरू व्हायची. त्यांचे वडील मेंढरं राखायचे. मॅडमचं लहानपण माळावर, वाऱ्याची बाजू बघून पाल ठोकणाऱ्या माणसांत गेलं. मग वसतिगृह, मग कॉलेज. याबद्दल त्या फारसं सांगत नसत, पण मेंढरांबद्दल मात्र भरभरून सांगत. आणि कधी, कुठे, कुणाला सांगतील याचा नेम नसे.

एकदा एक बडे बिल्डर आले. त्यांना जालना रोडवर चहूबाजूंनी काचेची इमारत हवी होती, पुण्यात बघितली होती तशी. मॅडमनी विचारलं, “पश्चिमेलापण काच?” ते म्हणाले, चारी बाजूंनी. मॅडम पुढे सरकल्या.

“साहेब, उन्हात मेंढरं बघितलीत का कधी? ऊन चढलं की एकमेकाच्या पोटाखाली मुंडकी घालून उभी ऱ्हात्यात. डोकं तेवढं सावलीला. मेंढराला जे कळतंय ना…”

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, पण बिल्डरनी मनातल्या मनात केलं असावं. ते उठले ते परत आले नाहीत. आमच्या सरांनी मॅडमना आत बोलावलं, दार लावून घेतलं. पाचएक मिनिटांनी आतून मॅडमचाच आवाज आला, “दार कशाला लावलं सर? रागवा की, पण दार उघडं ठेवून रागवा!”

हवा म्हणजे पाहुणी, असं त्यांचं एक लाडकं म्हणणं होतं. “पाव्हणीला यायला एक दार पायजे आन् जायला दुसरं. जायचं दार ठेवलं नाय तर ती बसूनच ऱ्हाती. आन् बसून राहिलेली पाव्हणी कशी हुती, ते घरोघरी ठाव हाय.” यावर ऑफिसातल्या बायका हमखास हसायच्या आणि पुरुष इकडेतिकडे बघायचे.

आता उदबत्तीचं सांगतो. वारा डोळ्यांना दिसत नाही, धूर दिसतो. म्हणून कुठल्याही बांधकामावर गेल्या की मॅडम उदबत्ती पेटवायच्या आणि ती हातात धरून दाराशी, जिन्यात, खिडकीपाशी हळूहळू फिरायच्या. धूर कुठे वळतो, कुठे घुटमळतो, कुठे सरळ उभा राहतो, हे टक लावून बघायच्या. त्यासाठी यंत्रंही मिळतात, पण त्यांना ती पटत नसत. मात्र चापूनचोपून साडी नेसलेली एक पोक्त बाई उदबत्ती घेऊन कोऱ्या इमारतीत फिरते आहे म्हटल्यावर बघणाऱ्याने दुसरं काय समजावं? गवंडी घमेली खाली ठेवायचे. कुणी चपला काढायचं. आमचा फोरमन युसुफभाई तर मजुरांना दटावायचा, “ए, आवाज बंद रे, मॅडम का कुछ चल रहा है!” एका मालकिणीने त्यांच्यामागे फिरून सगळ्या खोल्यांत हळदकुंकू वाहिलं होतं. मॅडमचं इकडे लक्षच नसायचं. त्या धुरात पार हरवलेल्या, आणि मधेच लहान मुलीसारख्या ओरडायच्या, “वळला! वळला! बर्फवाले, बघा कसा वळला!” लोकांना वाटायचं, कौल मिळाला.

या उदबत्तीनेच पुढे त्यांच्या जन्माच्या कामावर पाणी पडायची वेळ आणली.

ते काम म्हणजे जालना रोडवरची साळुंके शेठची अकरा मजली इमारत. साळुंके मूळचे पैठणकडचे शेतकरी. जमिनीचं सोनं झालं, मुलं शहरात शिकली आणि शेठ बांधकामात उतरले. माणूस दिलदार, पण संशयी. मॅडमनी त्यांना काय भुरळ घातली देव जाणे, पण शेठ त्यांच्या नकाशाला ‘हो’ म्हणून बसले. इमारतीच्या बरोबर मधे तळापासून गच्चीपर्यंत एक मोकळा चौक, सगळे मजले त्यात उघडणारे. तळमजल्यावर उत्तरेच्या सावलीत हवा आत घेणाऱ्या लांबलचक झडपा, आणि त्यांच्यापुढे पाणी ठिबकणारे वाळ्याचे पडदे, म्हणजे घरच्या कूलरचा थोरला भाऊच. वर गच्चीवर काळ्या पत्र्याचं उंच धुराडं. ऊन पडलं की पत्रा तापणार, आतली गरम हवा वर ओढणार, आणि तिच्या जागी खालून गारवा चढणार. रात्री सगळ्या मजल्यांच्या खिडक्या उघड्या टाकायच्या, म्हणजे भिंती आणि छतं निवतात. सकाळी ऊन यायच्या आत उन्हाच्या बाजूच्या लावून घ्यायच्या. एसी नाही, नुसते पंखे.

“पण दर मजल्यावर एवढी जागा मोकळी सोडायची?” शेठनी विचारलं होतं. “तेवढ्यात एकेक ऑफिस बसतंय की.”

“शेठ, नाकाची भोकं बुजवून तिथं दात बसवताव का?” मॅडम म्हणाल्या.

शेठ हसले, पण एक अट घातलीच. इमारत भरली की पहिल्या मे महिन्यात एक आठवडा बघायचं. वरच्या मजल्यांवरचे लोक ओरडले, तर चौकावर मजल्यामजल्याला स्लॅब टाकायचा आणि एसी बसवायचा. एसीचा आराखडा मी करून ठेवायचा. मी तो केला, चांगला केला. मॅडम माझ्या खांद्यावरून डोकावल्या आणि म्हणाल्या, “झकास हाय. फ्रेम करून भिंतीला लावू.” थट्टाच केली, पण आराखड्यावरची नजर हलवली नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हौसेपायी काचेच्या पेट्या काढल्या होत्या त्यांनी. मनासारखी ही एकच इमारत होती, आणि निवृत्ती तोंडावर आली होती. त्या चौकावर स्लॅब पडला असता तर पुन्हा बांधायला दुसरं काही मिळणार नव्हतं.

चाचणीचा आठवडा उजाडला आणि दुसऱ्याच दिवशी वरून तक्रारी सुरू झाल्या. नवव्या मजल्यावर कोंदट वाटतंय. दहाव्यावर डोकं दुखतंय. अकराव्यावरच्या विमा कंपनीतल्या मंडळींनी रुमाल ओले करून मानेवर घेतले. मॅडमच्या जिवाचं पाणी पाणी झालं. सगळा आठवडा त्या वरच्या मजल्यांवरच होत्या. धुराडं तपासलं, खिडक्या तपासल्या, रात्रीच्या पहारेकऱ्याकडून खिडक्या उघडतो की नाही याच्या शपथा घेतल्या. काही सापडेना. जेवणाचा डबा तसाच परत जायला लागला. मला ‘बर्फवाले’सुद्धा म्हणेनात, तेव्हा मी घाबरलो.

शेवटच्या दुपारी शेठ आले. तळमजल्यावर चौकात मॅडम, युसुफभाई आणि मी उभे होतो. शेठना खरंच वाईट वाटत होतं, ते आवाजात कळत होतं.

“मॅडम, तुमी लई केलं. पण लोकं भाडं देत्यात, त्यांना घाम फुटून कसं चालंल? उद्या सामान बोलावतो. यांचं एसीचं काम सुरू करू.”

मॅडमनी मान हलवली. शेठ जायला वळले आणि जाता जाता कोपऱ्यातल्या देव्हाऱ्यापुढे हात जोडून उभे राहिले. चौकात, झडपांसमोर, एक छोटा देव्हारा झाला होता. साफसफाई करणाऱ्या कौसल्याबाईंनी तिथे शहराला लागून असलेल्या सातारा गावच्या खंडोबाचा फोटो ठेवला होता, रोज हार, रोज दिवा. येणारे-जाणारे नमस्कार करायचे. मॅडमही करायच्या, त्यांच्या घरचं दैवतच ते.

“बघा,” शेठ भाविकपणे म्हणाले, “दिवा कसा शांत तेवायलाय. हलत पण नाय.”

मॅडम दोन पावलं गेल्या होत्या त्या गर्रकन फिरल्या.

“काय म्हणालात?”

“दिवा. हलत नाय म्हणलं.”

“हलत नाय?” मॅडम देव्हाऱ्यापुढे वाकल्या. ज्योत देवळातल्या गाभाऱ्यात असते तशी ताठ उभी होती. “शेठ! दिवा हलत नाय!”

“मग चांगलंच हाय की.”

“चांगलं कशाचं? इथं माणसाचं मुंडासं उडायला पायजे! इथं दिवा लागलाच कसा?”

आणि मॅडमनी वाळ्याचा पडदा दोन्ही हातांनी बाजूला सारला. पडद्यामागे झडपा दिसल्याच नाहीत. होतं ते प्लायवूड, त्याच्या फटींत कोंबलेली गव्हाची रिकामी पोती, आणि वरून व्यवस्थित चिकटपट्टी. अख्ख्या इमारतीचं नाक बुजवलेलं होतं.

कौसल्याबाईंना बोलावलं. त्या पदर सारखा करत आल्या आणि काही लपवायचा प्रश्नच नसल्यासारखं सगळं सांगून टाकलं.

“मॅडम, तुमीच तं रोज इथं उदबत्ती लावून उभ्या ऱ्हात होत्या. डोळं लावून. म्हणलं जागा जागृत दिसती. म्हून देव ठिवला. पण दिवा टिकंना वं! लावला की इझायचा. भरल्या बिल्डिंगीत दिवा इझणं बरं हाय व्हय? मंग म्या अन् वाचमननं मिळून वारं बंद केलं. लई दिस खपलो.”

युसुफभाई एवढंच पुटपुटला, “या अल्ला.” मी मॅडमकडे बघितलं. मला वाटलं, आता या बाईवर आभाळ कोसळणार. आणि मॅडम हसायला लागल्या. आधी तोंडावर पदर धरून, मग पदर सोडून, मग भिंतीला टेकून. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते सगळं हसण्याचं नव्हतं, हे मला दिसत होतं. त्यांनी कौसल्याबाईंचे दोन्ही हात धरले.

“माझीच करणी गं बाई. मीच देव बसवला, मीच वारं कोंडलं.”

शेठ म्हणाले, “हटवा ते पोतेरं.” पण कौसल्याबाई मधे उभ्या राहिल्या. देव एकदा बसला तो असा कसा उठवायचा? काही बरंवाईट झालं तर? शेठही अडखळले. संशयी माणूस देवाच्या बाबतीत जास्तच संशयी असतो. झाली का पंचाईत! झडपा मोकळ्या करायच्या तर देव हलवायला हवा, आणि देव हलवायला कुणी तयार नाही.

मॅडमनी चपला काढल्या. फोटोपुढे गुडघे टेकून नमस्कार केला आणि तशाच बसून बोलल्या.

“कौसल्याबाई, खंडोबा कुठला देव हाय?”

“साताऱ्याचा.”

“आन् बसतो कशावर?”

“घोड्यावर.”

“घोड्यावरच्या देवाला वारं सोसत नाय व्हय गं? माझा बाप आयुष्यभर ह्या देवाला माळावर घेऊन हिंडला. देवाला वाऱ्याचं भ्याव नाय. दिव्याला हाय. आपण दिव्याची सोय करू. देवाला मी इचारते, तू पण इचार. दोघींनी मिळून उचलू.”

कौसल्याबाईंनी फोटोला हात जोडले. मग त्यांनी हळूच भंडारा कपाळाला लावला, मॅडमच्याही लावला. दोघींनी मिळून देव उचलला आणि जिन्याखालच्या कोनाड्यात, वाऱ्याच्या वाटेबाहेर नेऊन ठेवला. दिव्यावर कंदिलाची काच चढवली. मॅडम शेठना म्हणाल्या, “घ्या शेठ, आपल्या बिल्डिंगीला पण काच लागलीच!”

मग युसुफभाईने चिकटपट्टी ओढली, पोती बाहेर फेकली आणि शेवटी प्लायवूड उखडलं. आधी काहीच झालं नाही. मग वाळ्याचा पडदा आतल्या बाजूला फुगला. थेंब उडाले. ओल्या वाळ्याचा वास आला आणि चौकातून एक गार लोट वर गेला. शेठच्या हातातले कागद त्यांच्या नाकाडोळ्यावर फडफडले. मॅडम जिन्याकडे धावल्या. लिफ्ट होती, पण थांबायला वेळ कुणाला! प्रत्येक मजल्यावरून त्यांचा आवाज खाली यायचा, “आली का? आली का हवा?” आणि वरून कुणीतरी अनोळखी माणूस ओरडायचा, “आली, आली!” अकराव्या मजल्यावरून नुसता हसण्याचा आवाज आला. माझा एसीचा आराखडा माझ्या काखेत होता. तो मी घामाचा हात पुसायला वापरला आणि मग लक्षात आलं, घाम नव्हताच.

शेठनी स्लॅबचं सामान रद्द केलं. पण पूर्ण नाही हां. “औंदाचा उन्हाळा जाऊ द्या. पुढल्या उन्हाळ्यात परत बघू. भाडेकरूंना एसीचं याड असतं, कधी काय म्हणतील सांगता येत नाय.” म्हणजे टांगती तलवार राहिलीच. तोवर मॅडम निवृत्त झाल्या. पुंडलिकनगरचं घर विकून लेकीकडे सोलापूरला जायचं ठरलं होतं, सामान बांधणं चाललं होतं. फोन केला की पहिला प्रश्न इमारतीचा, “कुणी काही म्हणलं का?”

तो पुढचा उन्हाळा आला. मे महिन्यातल्या एका भर दुपारी त्या भागातली वीज गेली, आणि गेली ती गेलीच. मी स्कूटरवरून जालना रोडने चाललो होतो. बघतो तर रस्त्यावर जत्रा! काचेच्या सगळ्या इमारतींतून माणसं भडाभडा बाहेर येत होती. त्यांच्या जनरेटरवर दिवे आणि लिफ्ट चालत होत्या, एसी नव्हते, आणि त्या इमारतींना उघडणारी एक खिडकी नव्हती. गळ्यात ओळखपत्रं लटकवलेली शेकडो मुलंमुली झाडांच्या, टपऱ्यांच्या, फलकांच्या सावलीत दाटीवाटीने उभी होती. जिथे जागा नव्हती तिथे एकमेकांच्या सावलीत उभी होती.

आणि रस्त्याच्या मधे, दुभाजकावर, भर उन्हात, डोक्यावर पदर घेतलेली एक बाई समोरच्या अकरा मजल्यांकडे मान वर करून बघत होती. हातात सोलापूरच्या बसचं तिकीट होतं, ते डोळ्यांवर आडवं धरलेलं.

मी स्कूटर लावली, धावत गेलो. “मॅडम, ऊन लागेल, अहो!”

“श्श!”

समोरच्या इमारतीत पंखे फिरत होते. बॅटरीवर चालतात ते. दाराशी पहारेकरी पेंगत होता. शेजारच्या टपरीवरचा चहावाला आजूबाजूच्या गर्दीला कप देऊन देऊन वैतागला होता, तरी त्याची तक्रार वेगळीच होती. तो आमच्याकडे बघून म्हणाला, “सगळ्या बिल्डिंगा खाली उतरल्या. ह्या येड्या बिल्डिंगीतलंच कुणी चहाला यायना. झोपलीत का काय आत?”

मॅडमनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगड्या रुतल्या.

“ऐकलंत? बर्फवाले, ऐकलंत का तो काय म्हणला?”

“ऐकलं मॅडम. आता चला ना आत, गार आहे तिथे. बसची वेळ होईल.”

“जाऊ की,” त्या म्हणाल्या, नजर दारावरून न हलवता. “थांबा जरा. कुणी खाली येत नाय, एवढं बघू द्या.”